शेवळानं माणूस मरतो का

शहापूर, ९ जून २०२५

कुणाली,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या एका मास्तरांकडून पत्ता लिहून घेतला, कारण माझं अक्षर ओळखलंस तर तू पाकीट उघडणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस. घोटी काही लांब नाही, कसाऱ्याला उतरून घाट चढला की तुझं गाव. तरी आईच्या तेराव्याला तू अंगणातूनच परत गेलीस त्याला चार वर्षं झाली, आणि त्याआधीची पंधरा.

मी बरी आहे. तुझे दाजी बरे आहेत, कंपनी सुटली, आता शेतीच बघतात. मी आठ वर्षं इथल्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करते. आज लिहिते आहे ते त्या कामासाठीच, दुसरं काही मनात आणू नकोस.

तीन वर्षांपूर्वी कल्याणहून एक बाई आल्या होत्या. कादंबरी लिहीत होत्या. त्यांना विचारायचं होतं, साठ फूट खोल विहिरीत पडलेल्या माणसाची हाक वर ऐकू येते का, आणि आली तर शब्द कळतात की नुसता आवाज. पुस्तकात कुठे मिळेना. मी त्यांना विहिरी खणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, शब्द कळत नाहीत, पण आपलं नाव घेतलं तर तेवढं कळतं. बाई तिथेच ओट्यावर बसून लिहायला लागल्या. मग त्यांनी दुसऱ्या लेखकांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना. आता फोनवर आमचा 'माहितगार' नावाचा ग्रुप आहे. लिहिणारे प्रश्न टाकतात, इकडची माणसं उत्तरं देतात. कसाऱ्याचे गँगमन आहेत, वायरमन आहेत, सुइणी आहेत, मुरबाडचा साप पकडणारा जैतू आहे, सिद्धगडाखालच्या वाडीवरची बुधीआजी आहे. तिला लिहिता येत नाही, ती बोलून पाठवते. घाटात मालगाडीला मागून इंजिन का लावतात, भाताच्या उडवीत माणूस लपला तर किती वेळ श्वास घेऊ शकेल, असले प्रश्न. नियम एकच. प्रश्न गोष्टीतला आहे असं धरून उत्तर द्यायचं, तुम्हाला हे कशाला हवंय असं विचारायचं नाही. हा नियम मीच केला.

चार तारखेला पुण्याच्या शेखर मोघ्यांनी प्रश्न टाकला. ते रहस्यकथा लिहितात. त्यांच्या गोष्टीतली बाई शेवळांची खाजरी रानभाजी मुद्दाम नीट शिजवत नाही, आणि खाणारा सकाळपर्यंत मरतो. त्यांनी विचारलंय, शेवळानं माणूस मरतो का?

पाच दिवस झाले. उत्तरं येत आहेत, मी वाचलेली नाहीत. नुसता प्रश्न वाचते आणि फोन पालथा ठेवते. परवा दोन पुस्तकं भलत्याच माणसांना दिली. काल दुपारी काही काम नसताना स्टँडपर्यंत चालत गेले, तिथे उभी राहिले, परत आले.

शेवळं तुझ्यासारखी कोणाला जमायची नाहीत, म्हणून तुला विचारते. आतला पिवळा दाणेदार भाग तू पूर्ण काढायचीस का? माझी रविना गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तू खाज मारणारी ती आंबट फळं, काकडं, किती घातली होतीस? मी त्या संध्याकाळी जेवले नव्हते, तेव्हा मला चवीचं काही सांगता येणार नाही.

दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

अनिता


शहापूर, १७ जून २०२५

कुणाली,

उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन पायावर पाणी घेताना माझ्या लक्षात आलं, मी तुला काय विचारलं. सात वर्षांच्या पोरीला तू मारलंस असं ज्यांनी म्हटलं त्यांनी जे विचारलं होतं, तेच. काकडं किती घातलीस. पोलीसपाटलानं विचारलं होतं, दाजींनी विचारलं होतं, आईनंही विचारलं. एकोणीस वर्षांनी परत मी.

पेटीतून पत्र परत काढता येतं का, हे विचारायला पोस्टात गेले होते. नाही म्हणाले.

मी उत्तरं वाचली. आज सगळं तुला लिहिते, तू वाच न वाच.

बुधीआजीचं बोलणं मी चार वेळा ऐकलं. ती म्हणते, "मी एवढीशी व्हते तवापासून शेवळं काढतंय. एक साल काकड मिळालंच नाय. समद्यांच्या नरड्याला खाज सुटली, ओठ सुजलं. चिंच चोखली, दुपारपरेंत बसलं. त्यानं कोण मरल? त्या लेखकाला सांग, दुसरं काय तरी शोध."

मुरबाडच्या एका डॉक्टरांनी लिहिलं की अगदी कच्चं खाल्लं आणि घशाला फारच सूज आली तर धोका होऊ शकतो, पण ते खाल्ल्या खाल्ल्या कळेल. संध्याकाळी जेवून, खेळून, शांत झोपलेला माणूस पहाटे त्यानं मरणार नाही. शेखर मोघ्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि लिहिलं, मग विष बदलतो. त्यांचं काम झालं.

माझं झालं नाही. जेवून, खेळून, शांत झोपलेला. आपल्या रविनाचं वर्णन करायला त्या डॉक्टरांना मी सांगितलेलं नव्हतं.

मग मी एक केलं. उत्तरं वाचली त्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, 'एका लेखिकेचा प्रश्न आहे. सात वर्षांची मुलगी संध्याकाळी शेवळं खाते. रात्री चांगली झोपते. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठते. मग घशाखाली पाणी उतरत नाही. गाडीतून नेताना वाटेत जाते. घरच्यांना वाटतं शेवळांनी गेली. शेवळं नसतील, तर काय?'

अशी कोणी लेखिका नाही. मीच. माझाच नियम, मीच मोडला.

उत्तर दहा मिनिटांत आलं. भिमीताई म्हणून एक आहेत, मुरबाडला असतात, तीस वर्षं वाड्यावस्त्यांवर नर्सचं काम करून निवृत्त झाल्या. त्यांनी उत्तर दिलं नाही, दोन प्रश्न विचारले. घरात तीच भाजी आणखी कोणी खाल्ली होती का? आणि मुलीचे डोळे कसे होते?

लेखिकेला विचारून सांगते, असं मी लिहिलं. त्याला तीन दिवस झाले.

घरात बसवत नाही. भांडी घासलेली परत घासते. दाजी विचारतात काय झालं, मी म्हणते वाचनालयात तपासणी आहे.

अनिता


शहापूर, २६ जून २०२५

कुणाली,

रविवारी मुरबाडला गेले होते, भिमीताईंच्या घरी. फोनवर लिहिता आलं नसतं. लेखिकेचं काम आहे, म्हणून सांगून गेले.

त्या दारातच भेटल्या, छोट्याशा, केस पूर्ण पांढरे. जैतूलाही त्यांनी बोलावून ठेवलं होतं. चाळिशीचा असेल, बोलायला लाजतो. चहा झाला. भिमीताई म्हणाल्या, "विचारलं लेखिकेला?"

मी म्हटलं, "हो. डोळ्यांचं ती म्हणते, मुलीला झोप येत होती. पापण्या मिटत होत्या."

"मिटत होत्या का उघडत नव्हत्या?"

मी रिकामा कप खाली ठेवला.

"यात फरक आहे गो. झोप आलेल्या पोराला हाक मारली का ते डोळं उघडतं. या पोरीला हाक मारली तर ती काय करायची?"

कुणाली, तेव्हा मला तूच दिसलीस. परकर खोचलेला, हातात कंदील, कारण वीज गेली होती. तू तिची हनुवटी वर करून म्हणत होतीस, "ताय, ही कपाळ वर करून बघते, पापणी उचलत नाय तिची. गाडी बोलवू." तू एकोणीस वर्षांची होतीस, तेव्हा आमच्याकडेच राहायचीस. आणि मी म्हटलं होतं, तिला झोप येतेय, तू गप बस.

मी भिमीताईंना म्हटलं, "ती मान मागे टाकून बघायची. पापण्या तिला उचलता येत नव्हत्या."

जैतूनं खाली बघतच विचारलं, "झोपली कुठं व्हती? खाटेवर का खाली?"

"खाली. भिंतीकडेला."

"तिथं काय ठेवेल व्हतं?"

"बियाण्याची पोती."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जैतू बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर तो लाजला नाही. "मण्यार. पोत्यांना उंदीर येतात, उंदरांमागं ती येते. खाली निजलेल्या माणसाला चावते. मुंगी चावल्यावानी, माणूस जागंपण होत नाय. खूण सापडत नाय, सूज नाय. पहाटं पोटात दुखतं. लोकांना वाटतं, रातचं जेवण बाधलं. मग नरडं धरतं, पापण्या पडतात, मग श्वास. आमच्याकडं दर सालाला एक तरी असं जातं, आन् लोक सैपाक करणारणीला धरतात."

शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं. त्याला काय माहीत.

भिमीताई उठल्या आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "ही गोष्टीतली नाय ना?" त्यांनी विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. "तुझी?" मी मानेनं हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. जैतू अंगणात निघून गेला.

मी त्यांना विचारलं, "पोटात दुखतं म्हणाली तेव्हाच निघालो असतो तर?"

खोटं बोलणारी बाई नाही ती. म्हणाली, "सांगता येत नाय. औषध मिळालं असतं, श्वासाचं मशीन मिळालं असतं, तर जगलीपण असती. नसतीपण. पण दोन तास हातात राहिले असते."

ते दोन तास मी घालवले. ओव्याचं पाणी पाजलं, पोट चोळलं, झोप म्हटलं. तू दोनदा गाडीचं बोललीस. दाजी तिसऱ्या पाळीला गेले होते, शेजारी जीप होती, हाक मारायचा उशीर होता. मी म्हटलं, उजाडू दे. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तूही सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस?

आणि आता दुसरं. हे लिहायला मी चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. आत्ताही बाहेर जाऊन, अंगण झाडून आले, झाडायचं काही नव्हतं.

मी जेवले होते. त्या संध्याकाळी तूच मला वाढलंस, आणि मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. रविनापेक्षा जास्त मी खाल्ली. घसा खाजवलासुद्धा नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तिला बघितलं आणि विचारलं, रात्री काय खाल्लं होतं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, शेवळं, बहिणीनं केली होती. एवढंच म्हटलं होतं मी. मग घरी सगळे जमले. तू म्हणालीस, मीपण खाल्ली, मला कुठं काय झालं. तर कोणी म्हणालं, तू मोठी, तुला सोसली, पोरीचा जीव तो केवढा. मग सगळ्यांसमोर दाजींनी मला विचारलं, तू खाल्लीस? तू माझ्याकडे बघत होतीस.

मी म्हटलं, मी ताटाला हातसुद्धा लावला नव्हता.

शेवळं नसतील तर दुसरं काही असेल, आणि दुसरं काही असेल तर ते दोन तास कोणी घालवले हे निघेल. इतका विचार मी तेव्हा केला होता का, मला माहीत नाही. पण तोंडाला बरोबर कळलं होतं काय बोलायचं ते. आणि या महिन्यातसुद्धा, नऊ तारखेच्या पत्रात, तुला, जिनं मला वाढलं तिला, मी लिहिलं की मी जेवले नव्हते. आणि ते लिहिताना माझा हात अडखळला नाही.

दाजी म्हणाले, ही माझ्या दारात नको. तीन महिन्यांत आईनं तुला घाटावर देऊन टाकलं. मी लग्नाला आले नाही.

क्षमा हा शब्द मी लिहीत नाही. तो कोणत्या तोंडानं लिहू.

अनिता


शहापूर, ३ जुलै २०२५

कुणाली,

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचनालयाच्या पत्त्यावर टाकलंस, शहाणपण केलंस. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की न बघता म्हणता येईल. तरी इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला कळेल.

'ताय, मला बारा वर्षांपासून माहीत आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक बाई तशीच गेली, पापण्या तशाच, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं समजावून सांगितलं. मी त्या दिवशी घरी येऊन तुला पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. तू भाजी खाल्ली होतीस हे तुला माहीत होतंच. मग मी तुला नवीन काय सांगणार होते? गाडीचं मी कोणाला बोलले नाही कारण तुझं पोर गेलं होतं. तेव्हा मला तुझी दया येत होती. नंतर नाही आली.

पत्रात लिहून मला काही उपयोग नाही. माझी सासू एकोणीस वर्षं माझ्या हातचं खाते, पण घरात कोणाचं लहान पोर आलं की माझ्यासमोरून ताट उचलून घेते. बारशाला मला चुलीपाशी जाऊ देत नाहीत. अक्षदा बारावीला आहे. तिला शाळेतल्या भांडणात एका मुलीनं तोंडावर म्हटलं, तुझ्या आईनं पोर मारलं. ती घरी येऊन मला म्हणाली, खरं सांग. मी सांगितलं. तिनं विश्वास ठेवला का ते मला अजून कळलेलं नाही. तू इथे ये आणि सासूसमोर, माझ्या माणसासमोर, अक्षदासमोर बोल. जे झालं ते सगळं. रडायला येऊ नकोस.'

मी येते.

त्याआधी दाजींना सांगणं भाग होतं. मंगळवारी सकाळी सांगितलं. ते ओट्यावर बसून पावसाळी चपलेचा पट्टा शिवत होते. मी उभी राहूनच बोलले, बसले असते तर थांबले असते. ते मधे बोलले नाहीत. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "तू खाल्ली व्हतीस?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा नाय म्हणालीस."

"हो."

त्यांनी सुई पट्ट्यात तशीच ठेवली आणि आत गेले. मला वाटलं मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण काही नाही. दोन दिवस बोलले नाहीत, जेवायला वाढलं की जेवले. आज सकाळी गोठ्यातून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "पोती मी लावली व्हती. तू म्हणत व्हतीस माळ्यावर टाका. मला पाळीला जायची घाई व्हती." मग म्हणाले, "घोटीला कधी जायचं?"

मी म्हटलं, तिनं मला बोलावलंय, तुम्हाला नाही. ते म्हणाले, "मी घरात नाय येणार. रस्त्यापर्यंत येईन."

ग्रुपवरही लिहिलं. ती लेखिका मीच, आणि ती गोष्ट नव्हती, मुलगी माझी होती आणि स्वयंपाक माझ्या बहिणीनं केला होता, त्यात काही दोष नव्हता. नियम मोडला म्हणून हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यायचं असेल तर द्या. मग बुधीआजीचं बोलणं आलं. "बाय, तुझ्या बयनीला सांग, शेवळांचा दोष नाय, आन् तिचापण नाय. मी सांगतंय म्हणावं, सिद्धगडाखालची बुधी." ते तुला ऐकवायचं आहे, फोनमध्ये ठेवलं आहे.

शेखर मोघ्यांनी वेगळं लिहिलं. म्हणाले, माझ्या गोष्टीतलं विष मी बदललं होतं, आता गोष्टच बदलतो.

आणि एक. काल रात्रीपासून तीन माणसांनी मला एकटीला लिहिलं. एकानं दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, पूर आलेल्या नदीत हात सुटला तर धरणाऱ्याची चूक असते का. एका बाईंनी गेल्या वर्षी असंच काही. तिघांनीही तेच म्हटलं, ताई, माझाही प्रश्न गोष्टीतला नव्हता. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. तुझ्याकडे येऊन मग देईन.

तेराला रविवार आहे. सकाळच्या गाडीनं कसाऱ्याला, तिथून घाट. बारापर्यंत पोचू.

अनिता


शहापूर, १४ जुलै २०२५

कुणाली,

कालचं तुला काय लिहायचं, तू होतीसच. तरी लिहिते. तिथे मी धड बघू शकत नव्हते, काय झालं ते मला आज कळतं आहे.

दाजी वळणावरच्या टपरीपाशी थांबले. मी एकटीच आले. तुझ्या दारात चपला काढताना तू आतून बघितलंस आणि ये म्हणाली नाहीस, पण पाट मांडलेला होता. तुझ्या सासूबाई खाटेवर, तुझा माणूस हनुमान उंबऱ्यात, अक्षदा भिंतीला टेकून हाताची घडी घालून. तिची उभं राहायची पद्धत आईची आहे. तू हे बघितलं असशीलच.

मी सांगितलं. भाजी मी खाल्ली होती, दुसऱ्यांदा मागून खाल्ली. नवऱ्यानं विचारलं तेव्हा खोटं बोलले. पोरीला मण्यार चावली होती. ही म्हणत होती गाडी बोलवू, मी बोलवू दिली नाही. इतकंच, पण मला वाटलं दिवस गेला. रडायला येऊ नकोस म्हणाली होतीस, तेवढं मी पाळलं.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "मंग एवढी वर्षं का नाय आलीस?"

मी म्हटलं, "भीती वाटत होती."

"कोणाची?"

"हिची."

त्या तुझ्याकडे वळल्या. आजचा दिवस उजाडल्यावर त्या काय करतात, कोणाचं पोर घरात आल्यावर ताट कुठे ठेवतात, ते तूच बघशील. मी परत जाताना त्यांनी मला थांब म्हटलं नाही, ते बरोबर केलं.

बुधीआजीचं बोलणं लावलं तेव्हा हनुमान उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. नंतर टपरीवर दाजींनी सांगितलं, ते तिथे आले होते, त्यांच्या शेजारी बसले, दोघं बराच वेळ पावसाकडे बघत होते. दाजींनी एवढंच म्हटलं, "मी तिला दारात उभी नाय केली." तुझा माणूस म्हणाला, "माहीत आहे." मग अक्षदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तू पाठवलंस की ती आपणहून आली, दाजींनी विचारलं नाही. मीही विचारत नाही.

तू माझ्याशी बोलली नाहीस. मी ती अपेक्षा केली नव्हती. केली होती, खोटं कशाला लिहू.

निघायच्या बेतात होते तेव्हा अक्षदानं विचारलं, "मावशी, रविनाताई कशी होती?"

कुणाली, हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नाही. ती कशी गेली हे सगळ्यांनी विचारलं. गावानं, पाहुण्यांनी, पोलीसपाटलानं. मीसुद्धा या महिनाभर तेच विचारत फिरले, ग्रुपभर, मुरबाडपर्यंत. मग मी म्हटलं, बुटकी होती, केस कुरळे, चिंचेच्या झाडावर चढायची आणि उतरता यायचं नाही म्हणून हाका मारायची. लिहिताना जीभ बाहेर काढायची. पाटी अशी मांडीवर घेऊन, उजव्या हातानं...

"डाव्या," तू चुलीजवळून म्हणालीस.

मी म्हटलं, "उजव्या. मी तिला शाळेत बघितलंय."

"शाळेत उजव्यानं. बाई ओरडायच्या म्हणून. घरी माझ्याजवळ बसली का डाव्यानं." तू दारापर्यंत आलीस, हात पदराला पुसत. माझ्याकडे नाही, अक्षदाकडे बघून बोलत होतीस. "डाव्या हाताचं अक्षर चांगलं होतं तिचं. तुझ्यासारखं तिरकं."

मला हे माहीत नव्हतं. मी तिची आई, सात वर्षं ती माझ्या अंगाखांद्यावर होती, आणि ती डावरी होती हे मला काल कळलं.

मग तू आणखी दोन गोष्टी सांगितल्यास, मी एक सांगितली, तू म्हणालीस असं नव्हतं, आणि खरंच तसं नव्हतं. अक्षदा खाली बसली. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. तू थांब म्हटलं नाहीस आणि ये म्हटलं नाहीस.

घाट उतरताना मी दाजींना एक विचारलं, ते त्यांना आठवेना. मलाही आठवत नाही, काल रात्रभर आठवलं नाही. आपल्याकडे तेव्हा म्हशीचं पारडू होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. रविनानं त्याचं एक नाव ठेवलं होतं, रोज शाळेतून आली की त्या नावानं हाक मारायची. काय होतं ते नाव?

तुझ्याशिवाय कोणाला माहीत असणार नाही. आठवलं तर कळव.

अनिता